मूल घरी येण्याआधीचे कागद: कोल्हापुरातल्या एका जोडप्याचं प्रकरण

२०२३ च्या जानेवारीत हे जोडपं कायद्याचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलं तेव्हा नवऱ्याचं वय ४६ होतं, बायकोचं ३९. त्याचं शिरोली एमआयडीसीत भागीदारीतलं मशीन शॉप, ती एका खासगी प्राथमिक शाळेत शिक्षिका. राहायला राजारामपुरीत, मूळ गाव कागल तालुक्यात. तिथं वडिलोपार्जित ऊसशेती, जुनं घर आणि भावकी. २०१७ साली दिवस पूर्ण भरलेलं बाळ पोटातच गेलं, आणि रक्तस्राव आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांना गर्भाशय काढावं लागलं. जीव वाचला, अंडाशय शाबूत राहिले. त्यानंतर बरीच वर्षं दोघांनी मुलाचा विषयच घरात काढला नव्हता. तो काढला सासूबाईंनी, आणि मग एकदम सगळ्यांनीच.

ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील मी बदलले आहेत. कायद्याच्या तारखा आणि तरतुदी जशाच्या तशा आहेत.

ते आले तेव्हा त्यांच्यासमोर तीन प्रस्ताव होते आणि तिन्ही जवळजवळ ठरल्यात जमा होते. पहिला एका एजंटाचा: बारा लाखांत 'सगळं करून देतो', मूल पोटात वाढवायला बाई तयार आहे, कागदोपत्री ती तुमची मावसबहीण दाखवू. दुसरा घरातलाच: गावाकडच्या धाकट्या जावेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, ते मूल यांनी घ्यावं. तिसरा नणंदेचा: ती ३४ वर्षांची, दोन मुलांची आई, आणि तिनं आपणहून वहिनीला सांगितलं होतं, "तुमचं बाळ मी माझ्या पोटात वाढवते." या तिन्हींत माणसांशी बोलणं झालं होतं, कायद्याला कुणीच काही विचारलं नव्हतं. चौथा रस्ता, म्हणजे सरकारी यंत्रणेतून दत्तक, त्यांना माहीत होता. पण "तिथं फार वर्षं लागतात म्हणे" म्हणून तो शेवटासाठी ठेवलेला.

मी आधी जन्मतारखा विचारल्या. दोघांच्या, आणि नणंदेच्याही. अशा प्रकरणांत लोक पैशांचं आणि नात्यांचं गणित आधी मांडतात. खरं गणित वयाचं असतं, आणि ते रोज बदलत असतं.

कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, यांच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीत जोडप्याच्या वयांची बेरीज पाहतात. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर बेरीज ८५ च्या पुढं चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १००, त्यावरच्या मुलासाठी ११०. यांची बेरीज त्या दिवशी बरोबर ८५ होती. फेब्रुवारीच्या अखेरीस बायकोला चाळिसावं पूर्ण होणार होतं, म्हणजे बेरीज ८६. दिलासा एवढाच की हे वय नोंदणीच्या तारखेला मोजलं जातं, मूल घरी येण्याच्या तारखेला नाही. जी गोष्ट त्यांनी शेवटासाठी ठेवली होती, तीच आधी करायची होती, आणि महिन्याभराच्या आत.

"पण मॅडम, आम्हाला आधी आमचं स्वतःचं बघायचंय," ती म्हणाली. तिचं म्हणणं मला पूर्ण पटत होतं. नोंदणी म्हणजे फक्त रांगेतली जागा, तिनं दुसरा कुठलाही रस्ता बंद होत नाही. उलटं मात्र घडतं. सरोगसीसाठी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीनं जोडप्याचं मूल आपल्या पोटात वाढवण्यासाठी, जोडप्याला हयात मूल नसावं लागतं, आणि त्यात दत्तक मूलही धरलं जातं. अपवाद फक्त मूल शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल, किंवा त्याला जिवावरचा, बरा न होणारा आजार असेल तेव्हाचा. म्हणजे दत्तक मूल घरी आलं की सरोगसीचं दार लागतं. नुसतं नाव नोंदवल्यानं ते लागत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काराच्या पोर्टलवर नोंदणी झाली. लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्रं, एकत्र काढलेला फोटो, एवढंच काम होतं.

एजंटाचा विषय मी तिथल्या तिथे संपवला. सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि पैशाच्या मोबदल्यात चालणारी सरोगसी त्यानं पूर्ण बंद केली आहे. असा व्यवहार शोधणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पुन्हा केला तर दहा वर्षं आणि दहा लाख. एजंट आणि क्लिनिक यांना पहिल्याच वेळी दहा वर्षांपर्यंत. पण शिक्षेपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. खोटी 'मावसबहीण' उभी करून मिळवलेल्या कागदावर त्या मुलाचं सगळं आयुष्य उभं राहणार. उद्या भावकीतल्या कुणीही तो कागद ओढला तर पहिला प्रश्न त्या मुलावर येणार.

जावेच्या बाळाचं प्रकरण जास्त नाजूक होतं, कारण त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली ते आजही करता येतं. मूल हिंदू हवं, अविवाहित हवं, पंधरा वर्षांच्या आतलं हवं. जन्मदात्या आई-वडिलांपैकी एकानं दुसऱ्याच्या संमतीनं ते द्यायचं, घेणाऱ्यानं बायकोच्या संमतीनं घ्यायचं, आणि प्रत्यक्ष देणं-घेणं व्हायला हवं. दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा धार्मिक विधी, झालाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालय गृहीत धरतं, म्हणून मी प्रत्येकाला सांगते की ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. दत्तकासाठी पैसे देणं-घेणं याही कायद्यात गुन्हा आहे. आणि एकदा झालेलं दत्तक ना घेणाऱ्याला रद्द करता येतं, ना मुलाला जन्मघरी परतता येतं.

इथपर्यंत अडचण काहीच नव्हती. अडचण घरच्यांनी ठरवलेल्या पद्धतीत होती. "दवाखान्यात नाव घालतानाच थोरल्या सुनेचं घालायचं, म्हणजे पुढं कागदाची कटकटच नको," असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणजे बाळंत होणार धाकटी, आणि केसपेपरवर, जन्मनोंदीच्या फॉर्मवर नाव थोरलीचं. गावोगाव हे घडतं हे मला माहीत आहे, आणि दर वेळी माझा जीव तुटतो. ती जन्मनोंद खोटी असते. खोटी माहिती देणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्या मुलाचं दत्तकविधान झालेलंच नसतं. कागदावर ते थोरलीचं पोटचं, प्रत्यक्षात धाकटीचं, आणि कायद्यानं नेमकं कुणाचं हा प्रश्न मोकळाच. वाटणीच्या वेळी भावकीनं डीएनए चाचणी मागितली की आई म्हणून वाढवलेल्या बाईच्या हातात सिद्ध करायला काहीच उरत नाही. एवढी माया करून शेवटी मुलाला असं उघड्यावर सोडायचं हे मला सहन होत नाही.

मी जावेशी एकटीशी बोलायचं म्हटलं. ती आली तेव्हा पाचवा महिना लागला होता. सोबत आलेल्या सासूबाईंना मी बाहेर बसवलं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग म्हणाली, "आत्यांनी शब्द दिलाय न्हवं. मी कुठं नाही म्हणतीय." आत्या म्हणजे सासूबाई. मी विचारलं, "तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "पोटातलं अजून बघितलंबी न्हाई, तवर दिलंबी." मग रडली.

विषय तिथंच मिटला. जन्माला न आलेल्या मुलाचं दत्तक होत नाही. जन्माआधी दिलेला शब्द घरात कितीही जड असला तरी कायद्यात त्याला वजन नाही. संमती द्यायची असते मूल कुशीत आल्यावर, आणि ती खरी असावी लागते, कारण ती परत घेता येत नाही. मी थोरल्या सुनेला एवढंच सांगितलं की धाकटीचं मन नाही. तिनं त्याच संध्याकाळी जावेला फोन करून हे मोकळं केलं. सासूबाई महिनाभर दोघींशी धड बोलल्या नाहीत. जावेला जूनमध्ये मुलगा झाला, तो तिच्याच घरी वाढतोय.

राहिली नणंद. इथं कायदा खूप काही मागतो. आमच्या या प्रकरणाचा सर्वांत जास्त वेळ इथंच गेला.

जोडप्यापैकी स्त्रीचं वय २३ ते ५०, पुरुषाचं २६ ते ५५: हे दोघंही बसत होते. सरोगेट आई ही विवाहित (किंवा पूर्वी विवाह झालेली), स्वतःचं मूल असलेली, आणि गर्भ रोपणाच्या दिवशी २५ ते ३५ वयाची हवी. आयुष्यात एकदाच तिला हे करता येतं, तिनं स्वतःचं स्त्रीबीज द्यायचं नाही, आणि रोपणाचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन. ती जवळची नातेवाईकच हवी अशी अट आधीच्या विधेयकात होती, अंतिम कायद्यात ती नाही. 'स्वेच्छेनं तयार असलेली स्त्री' पुरते. तरी प्रत्यक्षात नातेवाईकच पुढं येते, कारण पैसे न घेता हे कोण करणार? नणंदेला त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ३५ पूर्ण होणार होती. म्हणजे हातात दहा महिने.

त्या दहा महिन्यांत जमवायचे कागद असे: जोडप्याला सरोगसीची वैद्यकीय गरज आहे असं जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. मंडळात जिल्ह्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ. गर्भाशय काढलेलं असणं हे नियमांत स्पष्ट लिहिलेलं कारण आहे, त्यामुळे तिथं वाद नव्हता. वेळ गेला तो २०१७ च्या शस्त्रक्रियेचे मूळ कागद शोधण्यात. मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश, ज्यासाठी जोडपं आणि सरोगेट यांनी मिळून अर्ज करायचा. हाच आदेश पुढं बाळाच्या जन्माचं प्रतिज्ञापत्र ठरतो. मग सरोगेटसाठी ३६ महिन्यांचा विमा, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीसह. तिची शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीची प्रमाणपत्रं. शेवटी समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडून, जोडप्याला आणि सरोगेटला पात्रता प्रमाणपत्र, आणि आवश्यकता प्रमाणपत्र. क्लिनिक सरोगसीसाठी नोंदणीकृतच हवं. आमचं पुण्यात होतं.

मार्चमध्ये नियमच बदलला. तपासणीत बायकोच्या अंडाशयात बीजांचा साठा फार कमी निघाला होता, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या स्त्रीच्या बीजाचा पर्याय सुचवला होता. जून २०२२ च्या मूळ नियमांत त्याला जागा होती. १४ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं ती काढून घेतली: बीज आणि शुक्राणू दोन्ही जोडप्याचेच हवेत. ज्या बाईला गर्भाशय नाही तिला सरोगसी द्यायची, पण तिचं बीज कमी पडलं तर त्याच बाईला दार बंद करायचं, यात मला त्या वेळीही न्याय दिसला नव्हता. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मतःच गर्भाशय नसलेल्या एका महिलेला या नियमापासून अंतरिम दिलासा दिला. पण तो त्या अर्जदार महिलेपुरता होता, आणि दिल्लीला जाऊन स्वतःचा अर्ज लावायला आमच्याकडे वेळ नव्हता.

मार्चच्या त्या नियमामुळे तिच्या स्वतःच्या बीजांवरच मदार ठेवावी लागली. दोन मिळाली, त्यातून एक गर्भ तयार झाला.

न्यायालयातला दिवस मला नीट आठवतो. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात नणंद, तिचा नवरा, आणि हे दोघं ओळीनं उभे. न्यायाधीशांनी नणंदेला मराठीतच विचारलं: तुम्हाला काही देऊ केलंय का? तुम्ही नाही म्हणालात तर घरात कुणी बोलणार आहे का? गर्भ रोपण करेपर्यंत तुम्ही माघार घेऊ शकता हे माहीत आहे का? ती म्हणाली, "साहेब, माझी वहिनी आहे. मी देणार, घेणार काही नाही." तिच्या नवऱ्याची संमती हवी असं कायद्यात मला कुठं दिसत नाही, पण तो सोबत आला याचं मला समाधान वाटलं.

'घेणार काही नाही' हे वाक्य घरात मात्र सोपं नव्हतं. लेकीनं एवढं करायचं आणि तिला रिकाम्या हातानं पाठवायचं हे सासूबाईंना पटेना. गुजरीत सोन्याच्या बांगड्यांची ऑर्डर द्यायला निघाल्या होत्या. नवऱ्याचा विचार होता की भाच्यांची शाळेची फी आपण भरू. मी दोन्हीला ठाम नकार दिला. कायद्यातली मोबदल्याची व्याख्या रोखीपुरती नाही. वस्तू, बक्षीस, फायदा, काहीही, आणि तो सरोगेटला किंवा तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांना दिलेला असला तरी मोबदलाच. वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत बसणारा खर्च, याव्यतिरिक्त एक रुपया नाही. "मग दिवाळीची भाऊबीज पण नाही घालायची?" सासूबाईंनी विचारलं. दरवर्षी घालता तेवढी घाला, म्हटलं. बांगड्या नाहीत, आत्ताही नाहीत आणि बाळंतपणानंतरही नाहीत. कायद्याचा हा कडकपणा मला एका अर्थी पटतो, कारण गरीब नातेवाइकावर दागिन्यांच्या आडून दबाव टाकणारी घरं मी पाहिली आहेत. पण जी बाई नऊ महिने कामावर जाऊ शकणार नाही, तिच्या बुडालेल्या कमाईचाही साधा विचार नको, हे मात्र मला आजही चुकीचं वाटतं.

ऑगस्टमध्ये विमा झाला, सगळी प्रमाणपत्रं सप्टेंबरपर्यंत हाती आली, रोपण झालं. राहिलं नाही. दुसरा गर्भ नव्हता. नोव्हेंबरमध्ये नणंदेला ३५ पूर्ण झाली, आणि क्लिनिकनं, योग्यच केलं, पुढं हात लावायला नकार दिला.

२१ फेब्रुवारी २०२४ ला केंद्र सरकारनं नियम पुन्हा बदलला. नवरा किंवा बायको यांपैकी एकाला वैद्यकीय अडचण असेल आणि जिल्हा वैद्यकीय मंडळानं तसं प्रमाणित केलं, तर बीज आणि शुक्राणू यांपैकी एक दात्याचं चालेल, दुसरं जोडप्याचं हवं. (विधवा किंवा घटस्फोटित स्त्री एकटीनं सरोगसी करणार असेल तर तिचं वय ३५ ते ४५ हवं, बीज तिचं स्वतःचंच आणि शुक्राणू दात्याचे.) हा बदल पाच महिने आधी झाला असता तर! तो फोन मी त्यांना केला तेव्हा पलीकडे ती बराच वेळ काही बोलली नाही. नियम आता अनुकूल होता, सरोगेट नव्हती. दुसऱ्या कुणाला विचारायचं का, यावर त्यांचं आठवडाभर बोलणं चाललं. त्याच सुमारास तो एजंट पुन्हा उगवला होता. नवऱ्यानं त्याचा नंबर ब्लॉक केला आणि मला तसं सांगितलं. मग दोघांनी ठरवलं: आता रांगेतल्या नावाची वाट पाहायची.

ते नाव रांगेत होतं म्हणूनच हे शक्य झालं. २०२४ मध्ये त्यांनी नव्यानं नोंदणी केली असती तर दोन वर्षांखालच्या बाळासाठी ती झालीच नसती.

गृहभेटीचा अहवाल २०२३ मध्येच झाला होता. तो तीन वर्षं चालतो. समाजसेविका घरी आली तेव्हाचा प्रसंग बायकोनं मला सांगितला. घर, पगार, शेजार, आजार, सगळं विचारून झाल्यावर तिनं सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "रक्ताचं नाही, जातीचा पत्ता नाही, ते आपलं कसं म्हणायचं?" समाजसेविकेनं भिंतीकडे बोट केलं. तिथं राजर्षी शाहू महाराजांचा फोटो होता, कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत असतो तसा. "आजी, महाराज दत्तकच होते की. तुमच्या कागलचेच." सासूबाईंकडे यावर उत्तर नव्हतं. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ ला राणी आनंदीबाईंच्या मांडीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ते दत्तक अर्थात ओळखीच्या घराण्यातलं होतं, आणि सासूबाईंची शंका वेगळीच होती. पण त्या दिवसानंतर त्यांनी जातीचा प्रश्न काढला नाही.

दत्तकासाठी येणारं मूल अनाथ असतं, सोडून दिलेलं असतं, किंवा आई-वडिलांनी बाल कल्याण समितीपुढं लिहून सोपवलेलं असतं. सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत असते. सोडून दिलेल्या बाळाच्या पालकांचा शोध घेतला जातो, आणि मगच समिती त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. 'अमुक दवाखान्यात एका मुलीनं बाळ ठेवलंय, घेऊन जा' अशा फोनवर धावणाऱ्यांना मी हीच पायरी दाखवते. ती टाळून मूल देणं-घेणं हा बाल न्याय अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि पैसे देऊन घेतलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

२०२५ च्या दिवाळीनंतर पोर्टलवर एका बाळाची माहिती आली. अकरा महिन्यांची मुलगी, शेजारच्या कर्नाटकातल्या एका दत्तक संस्थेत. अशी माहिती आली की ४८ तासांत बाळ राखून ठेवावं लागतं, आणि मग ३० दिवसांत संस्थेत जाऊन, भेटून, वैद्यकीय अहवाल पाहून होकार द्यायचा. आपल्या डॉक्टरांकडून अहवाल तपासून घ्यायची मुभा असते. यांनी राजारामपुरीतल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला. होकारानंतर दहा दिवसांच्या आत बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी पालकांकडे येतं. याचा अर्थ आदेश होण्याआधीच मूल घरी असतं, पण त्यामागं समितीचा, संस्थेचा आणि करारनाम्याचा कागद असतो.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि तोही संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथले. त्यामुळे यांची फाईल नागाळा पार्कातल्या आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात आलीच नाही. नातेवाईक 'कलेक्टर ऑफिसात ओळख आहे' म्हणून पुढं सरसावले होते, त्यांना मी हे समजावलं. कायद्यानुसार दोन महिन्यांत निकाल व्हावा लागतो, आणि यांचा वेळेत झाला. आदेशाला हरकत असणाऱ्यानं ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करायचं. कुणी केलं नाही. जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून या दोघांची नावं आली.

भावकीचा प्रश्न मात्र आलाच. नवऱ्याच्या चुलतभावानं गावात बोलून दाखवलं की संस्थेतून आणलेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाही. हे साफ चुकीचं आहे. दत्तक आदेशानंतर ती मुलगी कायद्यानं त्या दोघांच्या पोटची असल्यासारखीच, वारसाहक्कासह. आणि मुलीला जन्मानं सहदायिकी हक्क, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा, २००५ च्या दुरुस्तीनं मिळालेलाच आहे. जन्मघराशी तिचे कायदेशीर संबंध संपले. यासाठी सातबाऱ्यावर आत्ता काही नोंद करायची गरज नाही, तरी नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी दोन कामं सांगितली: स्वकष्टार्जित मालमत्तेचं, म्हणजे फ्लॅटचं आणि भागीदारीतल्या हिश्श्याचं, मृत्युपत्र नोंदवून ठेवा, आणि तुम्हा दोघांना काही झालं तर मुलीचा पालक कोण हे त्यात लिहा. बायकोनं नणंदेचं नाव सुचवलं. नणंद हो म्हणाली.

घरात आणखी एक चर्चा झाली: हे सगळे कागद जपायचे की मुलीला कळू नये म्हणून नाहीसे करायचे. सासूबाई नाहीसे करण्याच्या बाजूच्या. मी सांगितलं की दत्तक आदेश, समितीचं प्रमाणपत्र, वैद्यकीय अहवाल, संस्थेची कागदपत्रं हे सगळं मुलीचंच आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तिला स्वतःच्या मुळाचा शोध अर्ज करून घेता येतो, त्याआधी पालकांसोबत. त्या दिवशी तिला ते परक्याकडून कळण्यापेक्षा आधीपासून घरात माहीत असलेलं बरं. बायकोनं शाळेतली लॅमिनेशन मशीन विचारली, तर मी नको म्हटलं. लॅमिनेट केलेला मूळ कागद पुढं पडताळणीला अडचणीचा ठरू शकतो. साध्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, आणि प्रमाणित प्रती वेगळ्या.

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे, सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथल्या माणसांना वैद्यकीय मंडळानं किंवा प्राधिकाऱ्यानं चुकीचा नकार दिला तर आता मुंबई गाठावी लागत नाही. या जोडप्याला २०२३ मध्ये ही सोय असती, तर निदान मार्चच्या नियमाला इथूनच आव्हान देण्याचा विचार करता आला असता.

सध्या दोन गोष्टी शिल्लक आहेत. बाळ घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, समाजसेविकेची भेट व्हायची आहे, म्हणजे २०२७ च्या अखेरीपर्यंत. आणि नणंदेचा विमा ऑगस्ट २०२६ पर्यंत चालू आहे. गर्भ राहिला नाही म्हणून तो बंद करून पैसे वाचवावेत असं नवऱ्याच्या हिशेबनीसानं सुचवलं होतं. रोपणासाठी तिनं औषधं घेतली होती, इंजेक्शनं घेतली होती, तेव्हा मुदत संपेपर्यंत पॉलिसी तशीच राहील, असं मी लेखी कळवलं आणि त्यांनी तशीच ठेवली आहे.